हात बाकावर

कोथिंबीर हा शब्द भिकन सरांना आला नाही. कोथिंबीर समोरच होती, ओल्या गोणपाटावर रचलेली, मुळांना अजून मळ्यातली काळी माती चिकटलेली. वास नाकात शिरत होता. आयुष्यभर त्या वासामागून शब्द आपसूक येत आला होता, आज तो वाटेतच कुठे थांबला कोण जाणे. सरांनी तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. मागे बायामाणसांची गर्दी होती, कुणाची तरी पिशवी पाठीला घासत होती. सरांनी सगळा जोर एकवटला आणि तोंडातून बाहेर पडलं, "पाणी."

आजारपणापासून हे असंच चाललं होतं. गेल्या दिवाळीच्या आधी शर्टाची बटणं लावता लावता उजवा हात गळून पडला, जीभ जड झाली आणि पुढचं सगळं दवाखान्यातल्या पांढऱ्या पडद्यासारखं धुरकट होऊन गेलं. पाय सुधारला. हात अर्धामुर्धा सुधारला. बोलणं मात्र परत आलं नाही. आलं ते एवढंच, पाणी. चष्मा हवा असला तरी पाणी, खिडकी लावून घे म्हणायचं असलं तरी पाणी, बायकोच्या, मंगलाबाईंच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहून तू थोडी झोप म्हणायचं असलं तरी पाणीच. डोक्यात शब्द लख्ख उभा असायचा, त्याचा काना-मात्रासुद्धा दिसायचा, पण तोंडापर्यंत येता येता त्याचं पाणी व्हायचं. सुरुवातीला मंगलाबाई पेल्यावर पेले आणून द्यायच्या आणि सर ते मुकाट्यानं प्यायचे. मग बाईंच्या लक्षात आलं, आणि त्यांनी दुसरा धडाका लावला. पेपर पाहिजे? उशी? पाठीला तेल? गोळी घ्यायची राहिली? सर मान हलवत राहायचे आणि बाई शब्दांची पोतडी रिकामी करत राहायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, त्यांच्या वतीनं तुम्ही बोलू नका, त्यांना एकट्याला बाहेर पाठवा, अडू द्या, झगडू द्या. त्या संध्याकाळी मंगलाबाई हसल्या होत्या. आजारानंतर पहिल्यांदाच.

"तुमचाच नियम तुमच्यावर उलटला की हो," त्या म्हणाल्या. "पण मी नाही पाळायची. तुमच्या नियमानं बसले तर तुम्ही उपाशी राहाल."

म्हणून सर आज हट्टानं एकटे आले होते, कापडी पिशवी घेऊन. आणि मघापासून त्यांनी भाजीकडेच पाहिलं होतं, भाजीवाल्याकडे नाही. आता त्यांना दिसले ते दोन हात. काळे, रुंद, नखांत माती भरलेले. गोणपाटाच्या कडेला आडवी फळी होती, तिच्यावर ते दोन्ही हात पालथे ठेवलेले, बोटं पसरलेली, आणि हातांचा मालक मान खाली घालून स्वतःच्या हातांकडेच पाहत होता. मागून कुणी बाई मेथीचा भाव विचारत होती. त्यानं ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

"सावकाश, सर," तो म्हणाला. मान वर केली नाही. "मला घाई नाय."

हात असे ठेवण्याची रीत जगात एकाच खोलीत होती, नाशिकच्या द्वारका चौकात, सायकलच्या दुकानावर, सरांच्या क्लासमध्ये. तिथं शिकलेल्याखेरीज कुणी असे हात ठेवणार नव्हतं. आणि तिथं शिकलेल्यांपैकी भाजी विकणारा त्यांना ठाऊक असलेला एकच होता. जीवन. मखमलाबादच्या सावळीराम माळ्याचा धाकटा. इतकी वर्षं सर बाजाराच्या या रांगेला वळत नसत. कारण कधी स्वतःशीही बोलले नव्हते, पाय आपले वळायचे नाहीत. आज पायांना विसर पडला असावा. जीवनचे कानशिलाकडचे केस पिकायला लागले होते. तो थांबला होता, आणि तो थट्टा करत होता की मान राखत होता हे सरांना त्याच्या वाकलेल्या मानेवरून कळेना. खूप वेळानं सरांनी डाव्या हाताचं बोट पुढं केलं. जीवननं जुड्या झटकून, पाणी निथळून पिशवीत ठेवल्या. सरांनी खिशात हात घातला तेव्हा त्यानं नको म्हणून नुसती मान हलवली.

"आमच्या दादाची उज्वला तुमच्या क्लासला जाती," मग तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती आणि गोडवाही नव्हता. "मीच घातली. आज तिची उभं राहायची पाळी हाय. लय घाबरलीय पोरगी, सकाळपासून जेवली नाय."

सरांना त्याला काहीतरी सांगायचं होतं. ते इतकं मोठं होतं आणि इतकं जुनं होतं की त्याला नेमका शब्द आजाराआधीही सापडला नसता. ते म्हणाले, "पाणी."

"हो, सर," जीवन म्हणाला, आणि मेथीवाल्या बाईकडे वळला.

घराचा रस्ता डावीकडे होता. सर उजवीकडे निघाले. क्लास सुरू व्हायला अजून अवकाश होता, पण त्यांचा पाय आता अवकाश खाणारा पाय होता. जिथं पूर्वी चालायचे तिथं आता पोचायचं असायचं. आज ती पोरगी उभी राहील, अडेल, आणि आता क्लास घेणारी भाग्यश्री हळू आवाजात म्हणेल, हात बाकावर. ते व्हायच्या आत पोचायला हवं. पोचून काय सांगणार होते, आणि कशानं, याचा विचार त्यांनी पुढं ढकलला. द्वारकेच्या चौकात ट्रक, एसट्या, टमटम यांचा एकच गलबला होता. येवल्याकडे जाणारी गाडी दार वाजवत वळली, कंडक्टर गावांची नावं एका दमात ओरडत होता, आणि सरांना त्याचा हेवा वाटला. एवढी गावं, एकामागून एक, न अडखळता. रस्ता ओलांडताना कुणीतरी त्यांचा दंड धरला. वळून पाहिलं तर अनोळखी माणूस होता, तोवर तो पुढंही गेला होता. थोरला भाऊ केरूदादा असाच धरायचा. नांदगावला शाळेत जाताना केरूदादा भिकनचा दंड धरून चालायचा, आणि भिकनला काही विचारलं की उत्तर केरूदादा द्यायचा. पोराचं नाव काय? भिकन, केरूदादा म्हणायचा. भूक लागली का रे? लागलीय, केरूदादा म्हणायचा. मास्तर फळ्यावर बोलवायचे तेव्हा पलीकडच्या वर्गातून केरूदादाचे ओठ खिडकीत हलायचे आणि भिकन ते वाचायचा. दादाचा जीव होता त्याच्यावर, त्यात खोट काढायला जागा नव्हती. मग भिकन नाशिकला कॉलेजात आला, आणि पहिल्याच दिवशी खिडकीतल्या कारकुनानं इंग्रजीत नाव विचारलं तेव्हा त्यानं मागं वळून पाहिलं. मागं रांग होती. केरूदादा नव्हता. रांगेतली पोरं हसली, कारकूनही हसला, आणि स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडानं सांगायला भिकनला जो काळ लागला तो त्याच्या अंगावर पुढं कायम राहिला, देवीचे वण राहतात तसा.

त्यातूनच तो नियम आला होता. नव्वदच्या सुमाराला सायकलच्या दुकानावरची खोली मिळाली, चार बाक आले, फळा आला, कोपऱ्यात तिवईवर माठ आला आणि माठावर उपडा पेला. आठवी ते दहावीची पोरं येऊ लागली. गावठाणातली, मळ्यातली, कारखान्यातल्या कामगारांची. घरात इंग्रजी कुणाला येत नव्हतं, आणि म्हणूनच प्रत्येकाच्या मागं कुणी ना कुणी केरूदादा उभा होता. आई पोराचा अर्ज शेजाऱ्याकडून लिहून आणायची, बाप पोराच्या आधी बोलायचा, हुशार पोर मठ्ठ पोराला खालून शब्द पुरवायचं. सरांनी ठरवलं, इथं कुणी कुणाचा केरूदादा व्हायचं नाही. रोज एकानं उभं राहायचं आणि आपल्या घरचं, आपल्या कामाचं इंग्रजीत सांगायचं. मराठी शब्द चालणार नाही. अडला तर अडला. तो अडला की सर म्हणायचे, हात बाकावर, आणि सगळ्यांनी दोन्ही तळवे बाकावर पालथे ठेवून स्वतःच्या हातांकडे पाहायचं, म्हणजे कुणाला खूण करता येऊ नये, ओठ हलवता येऊ नयेत, उभ्या पोरालाही कुणाच्या चेहऱ्यावर उत्तर वाचता येऊ नये. उभ्यानं बोलेपर्यंत कुणी हलायचं नाही, उभ्यानंही जागा सोडायची नाही. पालक कुरकुरले. पण नियम चालला. मनीषा नावाची घाबरट मुलगी पुढं परगावी मुलाखतीला एकटी गेली आणि नोकरी घेऊन आली. राज नावाचा पोरगा पुण्यात कुठल्या कंपनीत दिवसभर फोनवर परदेशातल्या माणसांशी बोलायचा. भाग्यश्री तर पहिल्या वेळी इतकी अडली की रस्त्यावरची वाहनं थांबल्यासारखी शांतता झाली, आणि त्या शांततेतून तिनं तिचं वाक्य ओढून बाहेर काढलं, विहिरीतून भरलेली बादली काढावी तसं. ती रडत होती आणि हसतही होती. आज तीच सरांचा क्लास चालवत होती. अशी पोरं रस्त्यात भेटली की म्हणायची, सर, तुम्ही शब्द दिला नाही म्हणून आम्हाला मिळाला. सर हे ऐकून घरी यायचे तेव्हा त्यांना जेवण गोड लागायचं.

जीवन भेटायचा नाही. जीवन उभा राहिला ती वैशाखातली दुपार होती, सुट्टीतला वर्ग. तो पहाटेपासून बाजारात बसून तसाच उन्हातून आला होता, सदऱ्यावर घामाचे पांढरे नकाशे उमटलेले. बुद्धीनं तो वर्गातल्या सगळ्यांच्या पुढं होता आणि सरांचं त्याच्यावर खास लक्ष होतं. हा पोरगा दूर जाईल असं ते मंगलाबाईंना म्हणालेही होते. त्यानं छान सुरुवात केली. आम्ही भाजी लावतो, माझी आई काढते, मी बांधतो, आणि काय बांधतो तिथं तो अडला. जुडीला इंग्रजीत काय म्हणतात ते त्याला येईना. हात बाकावर, सर म्हणाले. सगळे तळवे खाली गेले. जीवन उभा. पंखा नव्हता. पत्रा तापून मधूनच टकटक वाजत होता. जीवनचे ओठ हलत होते पण त्यांतून काही निघत नव्हतं, जीभ टाळ्याला चिकटल्यासारखा बारीक आवाज तेवढा येत होता. त्यानं सरांकडे पाहिलं. सरांनी आपले हात टेबलावर ठेवले आणि नजर खाली नेली, कारण नियम सरांनाही होता. नजर खाली नेता नेता त्यांना दिसलं की जीवननं कोपऱ्याकडे पाहिलं, मग पुन्हा एकदा कोपऱ्याकडे पाहिलं. सरांना बरं वाटलं. शोधतोय, त्यांच्या मनात आलं, पोरगा शब्द शोधतोय, आता सापडेल. सापडला नाही. किती वेळ गेला ते सरांनी त्या दिवशीही मोजलं नव्हतं. मग चपलांचा आवाज झाला, जिन्यावर झाला, आणि सगळ्यांनी मान वर केली तेव्हा जागा रिकामी होती.

तो येईल अशी सरांची खात्री होती. शब्द सापडला की येईल, स्वतःहून येईल, आणि तसं आलेलं पोर मग कशानं मागं हटत नाही. आठवडा गेला, सुट्टी संपली. एके दिवशी सावळीराम आला, टोपी हातात, पाटीत वांगी. जिना चढून दम लागला होता. पोरगं इंग्रजीचं नाव काढत नाय, तो म्हणाला, शाळेचंबी नाय. तुम्ही एकडाव मळ्यात या सर, तुमचं ऐकंल. सरांनी त्याला समोर बसवून शांतपणे समजावलं. मी बोलवायला आलो तर ते माझं येणं झालं, त्याचं नव्हे. त्याचं त्याला येऊ द्या. सावळीराम ऐकत होता, अधूनमधून मान हलवत होता. "तुम्ही म्हणता तर खरंच असंल," तो शेवटी म्हणाला, वांगी बाकावर काढून ठेवली आणि कठड्याला धरून जिना उतरला. त्या वांग्यांची भाजी मंगलाबाईंनी केली. सरांना अजून आठवत होतं, ती चवीला उत्तम झाली होती.

जिना आता सरांना डोंगर झाला होता. डावा पाय आधी वर, मग उजवा, मग दम. वर भाग्यश्रीनं त्यांना पाहिलं आणि ती धावत आली, पण दाराशीच थांबली आणि त्यांना स्वतःला आत येऊ दिलं. सगळा वर्ग उभा राहून गुड ईव्हनिंग सर म्हणाला. बाक नवे होते, पंखा आला होता. कोपऱ्यात तिवई तीच होती, माठही, गळतीच्या जागी चुना लावून लावून पांढरा झालेला. भाग्यश्रीनं मागं भिंतीशी खुर्ची दिली आणि ती समोर उभी राहिली, कारण सरांना काही सांगायचं आहे हे तिनं ओळखलं होतं. आज नको, सरांना म्हणायचं होतं. आज ते हात नको. ती पोरगी अडली तर तिला शब्द दे, आणि नसेल द्यायचा तर तिच्याजवळ जाऊन उभी तरी राहा. "पाणी," ते म्हणाले. मान हलवली. "पाणी. पाणी." भाग्यश्रीला ठाऊक होतं की हे पाणी पाणी नव्हे. सगळ्या गावात ती एकटीच अशी होती की सरांच्या तोंडात शब्द घालत नसे. ती थांबली. डोळ्यांत माया घेऊन, दोन्ही हात जवळच्या बाकावर ठेवून ती थांबून राहिली. थांबणाऱ्याला वाटतं आपण जागा करून देतोय. जो अडला आहे त्याला ती जागा नुसती वाढत गेलेली दिसते, काठ नसल्यासारखी. हे सरांना साठीत कळत होतं. जीवनला पंधराव्या वर्षी कळलं होतं.

"तुम्हाला सांगता येईल तेव्हा सांगा, सर," भाग्यश्री हळूच म्हणाली. "मी ऐकणार आहे." आणि ती फळ्याकडे गेली.

उज्वला दुसऱ्या बाकावरून उठली. दोन वेण्या, काळ्या रिबिनी, आणि सावळीरामची हनुवटी. आवाज बारीक होता पण धडधडीत होता. माय नेम इज उज्वला. वुई लिव्ह इन मखमलाबाद. वुई हॅव अ फार्म. माय ग्रँडफादर ग्रोज, ती म्हणाली, आणि थांबली. पुन्हा म्हणाली, माय ग्रँडफादर ग्रोज. तिच्या आजोबांच्या मळ्यात काय होतं ते सरांना ठाऊक होतं, सबंध नाशिकला ठाऊक होतं. दसऱ्याला निम्म्या गावच्या दारांवर तिथला झेंडू चढायचा. झेंडूला इंग्रजीत काय म्हणतात तो शब्द सरांच्या डोक्यात ठसठशीत उभा राहिला, पिवळाधमक, सगळ्या पाकळ्यांसकट. भाग्यश्रीनं वर्गावरून नजर फिरवली.

"हात बाकावर," ती म्हणाली.

तळवे खाली गेले. माना खाली गेल्या. भाग्यश्रीचीही गेली. उज्वला एकटी उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. सर खुर्चीचा हात धरून उठले. त्यांना तिला तो शब्द द्यायचा होता, एकच, इतक्या वर्षांत कुणालाही न दिलेला. त्यांनी तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताणल्या, डोक्यातलं ते पिवळं फूल सांभाळत जिभेपर्यंत आणलं.

"पाणी," सर म्हणाले.

कुणी मान वर केली नाही. नियमच तसा होता, आणि पोरं गुणी होती. सर पुन्हा म्हणाले, "पाणी," आणि आवाज चिरकला. तेव्हा चपला न घातलेल्या पावलांचा आवाज झाला. उज्वलानं जागा सोडली होती. ती बाकांमधून कोपऱ्यात गेली, माठावरचा पेला उचलला, बुडवून भरला, पेल्याचं बूड ओढणीला पुसलं आणि सरांसमोर आणून धरला. तिला वाटलं होतं, म्हाताऱ्या माणसाला तहान लागलीय आणि कुणी उठत नाहीये. सरांच्या डाव्या हातात पेला नीट बसेपर्यंत तिनं खालून आपला हात काढला नाही.

"बसा, सर," ती म्हणाली. मराठीत.

सर बसले. ती परत आपल्या जागी गेली, उभी राहिली, एकवार घसा साफ केला आणि म्हणाली, माय ग्रँडफादर ग्रोज झेंडू. आणि पुढं गेली. झेंडू यलो असतो, झेंडू ऑरेंज असतो, इंग्रजीत मराठी मिसळत, वेलीनं कुंपण ओलांडावं तशी ती बोलत गेली. भाग्यश्रीनं मान वर करून सरांकडे पाहिलं, थांबवू का, असं. सरांनी मान हलवली, आणि ती हो होती की नाही हे त्यांनाही नीट कळलं नाही. तिनं पोरीला थांबवलं नाही. बाकांवरचे काही हात उठले होते, काही तसेच होते.

सर पाणी प्यायले. गार होतं, मातीचा वास असलेलं. तहान लागलेली नव्हती, तरी ते पीत राहिले, आणि पिता पिता त्यांची नजर पेल्याच्या कडेवरून कोपऱ्याकडे गेली. त्या वैशाखात जीवननं तिकडे पाहिलं होतं. एकदा आणि मग पुन्हा एकदा. पहाटेपासून उन्हात बसून आलेला पोरगा, ओठ सुकलेले, जीभ टाळ्याला चिकटलेली. सर समजले होते, तो शब्द शोधतोय.

माठ तेव्हाही तिथंच होता.